अंगठा आणि कित्ता

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी आईला घेऊन बँकेत गेले होते. आई 86 वर्षांची आहे. 1958 ते 1996 अशी 38 वर्षे तिने सातारा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवले. आधी स्कूल बोर्डाच्या आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत. आता तिचा हात थरथरतो. फॉर्मवरची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेना. दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा केली. तिचे नाव इंदुमती. सही अडते ती पहिल्याच अक्षरावर, 'इ'च्या पोटावर. तिथे हात वळायच्या ऐवजी थबकतो आणि मग पुढची सगळी अक्षरे घसरणीला लागतात. खिडकीमागचा मुलगा तिच्या नातवाच्या वयाचा होता आणि चांगला होता. त्याने आपुलकीनेच शाईचा पॅड पुढे सरकवला. "आजींचा अंगठाच घेऊ या ना मॅडम. दर वर्षीची कटकट मिटेल."

आईने पॅडकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता अंगठा पुढे केला.

हे त्या मुलाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण आईच्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, 1959 साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. गावेच्या गावे साक्षर करायची ही चळवळ पुढे महाराष्ट्रभर पसरली. आई दिवसा पोरांना आणि रात्री देवळात कंदिलाच्या उजेडात बायकांना शिकवायची. किती बायकांना तिने सही करायला शिकवले याची मोजदाद तिने ठेवलेली नाही. मात्र पहिली सही करताना बायका श्वास कसा रोखून धरत आणि सही झाल्यावर तो कसा सोडत, हे ती अजून हुबेहूब करून दाखवते. बँकेतून परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, "शाई कशाने जाते गं ही?"

मला मात्र त्या वेळी एका चिनी चित्रकाराचा वर्ग आठवत होता. आठवण जरा लांबची आहे, पण ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

*

काही वर्षांपूर्वी लेकीकडे परदेशी गेले असताना एका कलासंग्रहालयात मी एका वर्गात जाऊन बसले होते. खराखुरा वर्ग होता. बाके, फळा, भिंतीवर अक्षरांचे तक्ते, कोपऱ्यातल्या टीव्हीवर कुंचला कसा धरावा याचा धडा. प्रत्येक बाकावर शाई, कुंचला आणि एक कित्ता. कित्त्यात लाल बाह्यरेषांनी चिनी दिसणारी अक्षरे छापलेली होती आणि आपण त्यांच्यावरून काळ्या शाईने हात फिरवायचा होता. आपल्याकडे ज्याला गिरवणे म्हणतात तेच. चीनमध्येही मुलांना असाच लाल अक्षरांचा कित्ता देतात.

मराठी घेऊन एम.ए. झालेली, महाविद्यालयात 30 वर्षे शिकवलेली मी तिथे कुंचला डावासारखा धरून बसले होते. शाई ओघळत होती. रेषा कुठून सुरू करायची, दाब कुठे द्यायचा, काही उमजेना. माझ्या शेजारी एक दहा-बारा वर्षांची मुलगी आणि एक सुटाबुटातले गृहस्थ, दोघांचीही तीच गत. पंधरा-वीस मिनिटे आम्ही चिनी लिहीत होतो. मग ती मुलगी एकदम खुदकन हसली आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ती वाचत होती ते इंग्रजी होते. बडबडगीत होते.

मी माझ्या कित्त्याकडे पुन्हा पाहिले. चौकटीत बसवलेली जी मला चिनी अक्षरे वाटत होती, ते एकेक इंग्रजी शब्द होते. प्रत्येक शब्दातली अक्षरे चिनी रेषांच्या वळणाने काढून, एकावर एक, एकाशेजारी एक, एकात एक अशी चौकोनात रचलेली होती. 'ओ' म्हणजे चौकोनी खोके. वाचायचे डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत. एकदा ही किल्ली सापडली की मग ती अक्षरे पुन्हा चिनी दिसायला तयारच होत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला. एकदा वाचता आलेले न वाचता येणे कोणाच्या हातात नसते.

हा वर्ग शू बिंग यांचा. ही लिपी त्यांनी 1994च्या सुमारास तयार केली आणि तिला 'चौकोनी शब्दांची सुलेखनकला' असे नाव दिले. तेव्हापासून हा वर्ग जगातल्या कितीतरी संग्रहालयांत भरला आहे. चित्रकाराचे प्रदर्शन पाहायला गेलेल्या माणसांनाच तो लिहायला बसवतो, आणि प्रदर्शनात पाहण्यासारखे जे काही असते ते म्हणजे लिहिणारी माणसे.

*

शू बिंग यांचा जन्म 1955 सालचा, चोंगचिंगचा. वाढले ते बीजिंगमध्ये, विद्यापीठाच्या आवारात. वडील इतिहास विभागात, आई ग्रंथालयशास्त्र विभागात. घराभोवती पुस्तकेच पुस्तके आणि मुलाला अजून वाचता येत नाही, अशा दिवसांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या आहेत. पुढे वाचता यायला लागले तेव्हा सांस्कृतिक क्रांतीमुळे वाचायला फारसे काही उरलेले नव्हते. लहानपणी वडील त्यांना रोज एक पान सुलेखन करायला लावत. हे वाचताना मी क्षणभर थांबले. रोज एक पान शुद्धलेखन हा आमच्या घरचा नियम होता. जेवणाआधी, चुलीवर भात असताना. पान झाले नाही तर ताट नाही.

मराठीत या गोष्टीला एक नेमका शब्द आहे. आपण हस्ताक्षराला वळण म्हणतो आणि मुलामुलींच्या वागण्यालाही वळणच म्हणतो. हाताला वळण लावणे आणि पोरीला वळण लावणे या आईच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या. शू यांच्या वडिलांच्याही नसाव्यात. नुसते सुंदर अक्षर हवे म्हणून कोणी रोज एक पान लिहून घेत नाही.

पण या मुलाला जे वळण लागले त्याच्या पायाखालची जमीनच हलत होती. 1956 साली चीन सरकारने अक्षरांच्या सोप्या रूपांची योजना जाहीर केली. शू शाळेत गेले त्या काळात अक्षरांची रूपे बदलत होती: जुनी जात होती, नवी येत होती. 1977 साली सुलभीकरणाचा दुसरा हप्ता आला आणि तो 1986 साली रद्दही झाला. म्हणजे या पिढीने अक्षरे शिकली, मग विसरली, मग पुन्हा वेगळी शिकली, आणि त्यांतली काही परत टाकून दिली. चिनी माणसाच्या मनातून अक्षराविषयीचा जुना भक्तिभाव हलला तो इथे, असे त्यांचे स्वतःचे निदान आहे.

आपल्याला हे अगदीच परके वाटायला नको. आईने शाळेत मोडी गिरवली होती. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत मोडी शाळेतून गेली. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी काही काळ नियतकालिकांत आणि पुस्तकांत दिसत होती, आणि त्या दिवसांत आईने आपले नाव हौसेने 'अिंदुमती' असे लिहिलेली एक वही अजून माळ्यावर आहे. मग 1962 साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम स्वीकारले (1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली) आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. 'करणें'चे 'करणे' झाले, 'तें'चे 'ते'. आई तेव्हा नोकरीत नवी होती. काल जे तिने मुलांकडून घोटून घेतले तेच आज लाल पेन्सिलीने खोडायचे. तिने ते निमूट केले. पण माझ्या आजोबांना पत्र लिहिताना ती शेवटपर्यंत सगळे अनुस्वार देत असे. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाली, "त्यांना चुकीचं वाटेल." शाळेसाठी एक हात आणि वडिलांसाठी एक हात असे दोन हात तिने पुढची वीस वर्षे सांभाळले.

*

शू यांना 1974 साली बीजिंगच्या उत्तरेला यानचिंगच्या डोंगराळ भागात पाठवण्यात आले. शहरातल्या तरुणांनी शेतकऱ्यांकडून शिकावे, या त्या काळच्या धोरणानुसार. तिथे त्यांनी गावातले एक नियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. स्टेन्सिलवर अक्षरे तेच कोरत. लग्न असो, मयत असो, लिहिण्याचे काम या पोराकडे येई. घोषणा लिहिण्याची सवय तर त्याला शाळेपासूनच होती. वडिलांवर प्रतिगामी म्हणून शिक्का बसलेला आणि मुलगा सुंदर अक्षरांत क्रांतीच्या घोषणा रंगवतो आहे, असे ते दिवस होते. अक्षर सुंदर असणे ही त्या घरातली एकमेव सुरक्षित गोष्ट होती, असे मला त्यांच्या आठवणी वाचताना वाटत राहिले.

1977 साली ते बीजिंगच्या मध्यवर्ती कला अकादमीत मुद्राचित्रण शिकायला दाखल झाले. दहा वर्षांनी त्यांनी जे काम हाती घेतले त्याने त्यांचे नाव जगभर झाले. 'आकाशातून आलेला ग्रंथ' या नावाने ते ओळखले जाते. चिनी भाषेत आकाशातला ग्रंथ म्हणजे ज्यातले ओ की ठो कळत नाही असे लिखाण. शू यांनी सुमारे 4000 अक्षरे स्वतः रचली, लाकडाच्या ठोकळ्यांवर उलटी कोरली, सोंग काळातल्या ग्रंथांच्या धाटणीने छापली, दोऱ्याने शिवलेले ग्रंथ बांधले, छतापासून लांबलचक पट लटकवले. 1988 साली बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात हे सगळे पहिल्यांदा मांडले गेले. शीर्षके, समास, टीपा, सगळे जिथल्या तिथे. फक्त एकही अक्षर खरे नाही. चिनी कोशात त्यातले एकही सापडायचे नाही.

जाणकार वाचक तासन्‌तास त्या पटांसमोर उभे राहून एखादे तरी ओळखीचे अक्षर शोधत राहिले. प्राध्यापक आणि निरक्षर त्या दालनात एका रांगेत आले. मी हे काम फक्त छायाचित्रांत पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्यासारखीला त्याचा पुरता धक्का बसूच शकत नाही. मला चिनी येत नाही. मला खरी अक्षरेही तितकीच बंद आहेत जितकी शू यांची बनावट. ज्याला वाचता येते त्यालाच ते फसवते. या कामावर परदेशी समीक्षकांनी फार लिहिले आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांना चिनी येत नसावे, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

1989 नंतर चीनमधली हवा बदलली तशी या कामावर टीका सुरू झाली. ते भुताने उभ्या केलेल्या भिंतीत अडकल्यासारखे आहे, अशा अर्थाचा एक वाक्प्रचार टीकाकारांनी वापरला. शू यांनी तो उचलला आणि 1990 साली पुढच्या कामाला तेच नाव दिले. चिनी भिंतीच्या चिनशानलिंग इथल्या भागावर विद्यार्थी आणि आसपासचे शेतकरी यांना घेऊन त्यांनी 24 दिवस भिंतीचे ठसे घेतले. दगडावर ओला कागद बसवायचा आणि शाईच्या पुरचुंडीने हलकेच ठोकत जायचे. आपल्याकडे शिलालेखांचे ठसे घेतात तसेच. पण हा लेख नसलेल्या दगडांचा ठसा होता. एवढ्या मोठ्या भिंतीचा अंगठा घेतला म्हणा ना. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले.

*

चौकोनी शब्दांची लिपी अमेरिकेत जन्मली हे लक्षात घेतले पाहिजे. भाषेतच आयुष्य घालवलेला हा माणूस पस्तिशीत अशा ठिकाणी जाऊन पडला, जिथे त्याला बोलता-लिहिताना चाचपडावे लागत होते. आपल्या अनेक प्राध्यापकांनी, इंजिनीयरांनी परदेशात पहिल्या वर्षी हे भोगलेले आहे. डोक्यात सगळे आहे आणि तोंडातून पहिलीतल्या मुलाचे वाक्य निघते. 'आकाशातला ग्रंथ' चिन्यांना निरक्षर करत होता. आता शू स्वतः निरक्षर झाले होते, आणि त्या अवस्थेतून त्यांनी जे काढले ते वाचता येणारे होते. मला त्यांच्या सगळ्या कामांत हे वळण सर्वांत महत्त्वाचे वाटते. आधीचे काम दार लावून घेते. या वर्गात दार उघडे असते, फक्त ते दार आहे हे गिरवल्याशिवाय कळत नाही.

हे नुसते पाहून भागत नाही. भिंतीवर टांगलेला चौकोनी शब्द पाहून पुष्कळ लोक चिनी समजून पुढे निघून जातात. हात फिरायला लागला की मात्र हाताला आधी संशय येतो. माझ्या शेजारच्या मुलीच्या बाबतीत तसेच झाले असावे. तिने इंग्रजी नुकतेच गिरवलेले होते, त्यामुळे तिच्या हाताला ओळख पटली. मी वाचणारी बाई, डोळ्यांवर विसंबलेली, म्हणून मागे राहिले. हस्ताक्षर ही हाताची स्मरणशक्ती आहे, असे आपण सहज म्हणून जातो. त्या वर्गात तसे घडताना दिसले.

लोकांना सहभागी करून घेणारी कला हल्ली फार झाली आहे. झाडाला चिठ्ठी बांधा, भिंतीवर इच्छा लिहा, पाटीवर मनातले खडूने लिहा. यातले बरेचसे मला फावल्या वेळचे वाटते. माणूस जे घेऊन आला तेच तिथे टाकून जातो. शू यांच्या वर्गात माणसाला काही काळ अडाणी व्हावे लागते, आणि प्रौढ, शिकलेल्या माणसाला हे सहज जमत नाही. लोकांच्या हाताकडून वेगळ्या प्रकारे काम करून घेणारे दुसरे उदाहरण मला आठवते ते आपल्या मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचे. जे. जे.मध्ये शिल्पकला शिकलेल्या या कलावतीने शंभर माणसांना आपल्या देशाचा नकाशा आठवणीतून, हाताने काढायला सांगितले. शंभर नकाशे, शंभर देश. कुणाचा काश्मीर फुगलेला, कुणाची ईशान्येची राज्ये गायब. शाळेत भूगोलाच्या तासाला इतक्यांदा काढलेली आकृती हाताला नीट आठवत नाही, आणि काय आठवत नाही यावरून कोण कुठे उभे आहे ते कळते. हा प्रयोग त्यांनी पुढे इतर देशांतही केला.

शू यांच्या वर्गाबद्दल एक शंका मात्र माझ्या मनात आहे आणि ती दडवू नये. या खेळात शेवटी जिंकते कोण? लिपी चिनी पेहरावातली, पण आत भाषा इंग्रजीच. परदेशी प्रेक्षक चिनी गूढ समजून बसतो आणि त्याला आपलीच भाषा सापडते. त्याला हायसे वाटते, तो हसतो. चिनी माणसाला मात्र आपलेच अक्षर वाचता येत नाही. 1999 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासमोर शू यांचा एक मोठा लाल फलक लागला होता. त्यावर चौकोनी शब्दांत 'कला लोकांसाठी' या अर्थाची माओची घोषणा होती. घोषणा माओची, भाषा इंग्रजी, जागा न्यूयॉर्क. मला हा विनोद आवडतो, पण त्याच्या खाली एक शरणागती आहे असेही वाटते. शू यांना ती दिसली नसेल असे नाही. ज्याच्या लहानपणी सरकारने अक्षरे बदलली, त्याला कोणतीच लिपी पवित्र वाटत नसेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

*

इथे एका कामाचा ओझरता उल्लेख करते, कारण ते आपल्या धूळपाटीजवळ येते. 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये पडलेली धूळ शू यांनी गोळा करून ठेवली होती. ती वेल्समधल्या कार्डिफला न्यायची होती. पण परदेशी धूळ सीमेवरून कशी जाणार? त्यांनी तिची बाहुली बनवली. बाहुली गेली. तिथे तिची पुन्हा पूड करून 2004 साली त्यांनी ती दालनाच्या जमिनीवर पसरली. मध्ये जिथे धूळ नव्हती तिथे एका जुन्या झेन कवितेच्या ओळींची अक्षरे उमटलेली दिसत होती. आपल्याकडे पाटी परवडत नसे त्या घरांतली मुले फळ्यावर धूळ पसरून बोटाने लिहीत. आईच्या आईने तशीच अक्षरे गिरवली होती. धुळीत लिहिले की अक्षर म्हणजे धूळ बाजूला झालेली जागा, एवढेच असते.

केनियात त्यांनी शाळकरी मुलांना आपापल्या आणि परक्या लिपींतल्या चिन्हांनी झाडे काढायला शिकवले. ती चित्रे इंटरनेटवर विकून आलेल्या पैशांतून खरी झाडे लावायची अशी ती योजना होती. अमेरिकेत किरकोळ वाटणाऱ्या रकमेत तिथे बरीच झाडे लागतात, या साध्या हिशेबावर ती उभी होती. कल्पना नेटकी आहे, पण मला वर्गाइतकी ती भिडली नाही.

*

मराठी वाचणाऱ्याला चौकोनी शब्द खरे तर फार विचित्र वाटायला नकोत. आपण अक्षरावर अक्षर चढवूनच लिहितो. 'लक्ष्मी'तला 'क्ष्म' पाहा. 'कार्त्स्न्य' हा शब्द लिहून पाहा. इंग्रजीसारखी ओळीत उभी राहणारी अक्षरे आपल्याकडे नाहीत. वर रफार, खाली उकार, पुढे-मागे वेलांटी. जोडाक्षर शिकणाऱ्या मुलाला पाहिले की कळते, ते शब्द लिहीत नसते, चळत रचत असते. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकाराने अक्षराच्या या रचनेचा कवितेत खेळ केला आणि संगणकासाठी 'मंगल' हा टंकही घडवला. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचे वळण नव्या सुलेखनात आणले. तेव्हा शू बिंग जे करतात त्याची भूक आपल्या लिपीत आधीपासून आहे.

चीनमध्ये नववर्षाला दारावर एक चिन्ह लावतात. धन यावे, ऐश्वर्य घरात यावे, अशा अर्थाची चार अक्षरे एकमेकांत गुंफून त्यांचे एकच अक्षर केलेले असते. कोशात ते नाही, पण आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना वाचता येते. शू यांच्या चौकोनी शब्दांच्या मुळाशी ही लोकांची जुनी खोड आहे. लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री'चा मनोरा रचतात, एक, मग दोन, मग तीन, तोही मला याच जातीचा वाटतो. तो वाचायचा नसतो. तो कोणीतरी हाताने लिहिलेला असावा लागतो. छापील स्टिकर चिकटवला तर आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ते चालत नाही. त्याने मला तसे स्पष्ट सांगितले आहे.

*

बँकेतून आल्यावर आईच्या अंगठ्यावरची शाई चार दिवस गेली नाही. लिंबू झाले, दगड झाला. पाचव्या दिवशी मी हट्टाने एक वही घेतली, दुरेघी, पहिलीतली. लाल पेन्सिलीने पहिल्या पानावर वीसदा 'इ' काढली, फिक्या रेघेत, गिरवता येईल अशी. खाली पूर्ण 'इंदुमती' पाच वेळा. माझ्या मनात शू बिंग यांचा वर्ग होता, पण तिला मी ते सांगितले नाही. वही नुसती तिच्यासमोर ठेवली.

"मला शिकवतेस?" असे म्हणून तिने वही बाजूला सरकवली. तीन दिवस ती तिथेच होती, दुधाच्या कार्डाखाली.

चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ती चष्मा लावून वही पाहत होती. गिरवत नव्हती. तपासत होती. माझ्या वीस 'इं'पैकी चौदांवर तिने फुली मारली होती, लाल पेन्सिलीनेच.

"पोट आधी डावीकडे जातं. तू सरळ खाली आणलंयस. हे कुणी शिकवलं तुला?"

"तू."

त्यावर ती काही बोलली नाही. पान उलटले, कोऱ्या पानावर स्वतःची 'इ' काढू लागली. हात थरथरत होताच. पण ती आता सही करत नव्हती, नमुना काढत होती, माझ्यासाठी. पोटाशी येताच हात थबकला, तिने पेन्सिल उचलली नाही, टेकवूनच ठेवली, आणि थोड्या वेळाने तो डावीकडे वळला. पाचवी 'इ' जरा बरी आली. सातवी बिघडली. ती ओळभर लिहीत गेली, मग दुसरी ओळ.

यंदाचा दाखल्याचा फॉर्म आला आहे. तो फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला आहे. वही अर्धी भरली आहे. त्यातली डावीकडची पाने तिची आणि उजवीकडची माझी, कारण मलाही रोज एक पान लिहावे लागते, जेवणाआधी. काल मी आठ ओळी लिहून उठले तेव्हा तिने वही ओढून घेतली, माझी पाचवी ओळ पाहिली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"बोथट झालीये. टोक कर आधी."